व्हेक्टरमध्ये रंग भलतीकडेच भरतोय, क्लिक केलं की भलतंच सिलेक्ट होतंय: फोटोशॉप, गिंपवरून आलेल्यांसाठी

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. फोटोशॉप नाहीतर गिंपवर हात चांगला बसलेला असतो, मग चित्र कितीही मोठं केलं तरी फाटू नये म्हणून माणूस इंकस्केप या व्हेक्टर सॉफ्टवेअरकडे येतो, पेन टूलने कड काढतो, कड मस्त येते, आणि आत रंग भरायला गेलं की गाडी अडते. कधी रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरका कापल्यासारखा भरतो, कधी बादली (रंग ओतायचं पेंट बकेट टूल) ओतली तरी काहीच होत नाही, कधी भरतो पण कडेला बारीक पांढरी फट राहते. खोडायला इरेझर फिरवला तर अख्खी आकृतीच उडते. मी इथे सगळी उदाहरणं इंकस्केपची देतोय कारण ते फुकट आहे आणि कोणालाही लगेच करून बघता येतं, पण इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ वापरत असाल तरी कारणं हीच आहेत, फक्त बटणांच्या जागा बदलतात.

या सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण मूळ एकच आहे. बिटमॅपमध्ये, म्हणजे फोटोशॉप, गिंपमधल्या पिक्सेलच्या चित्रात, आपण जागेवर काम करतो, म्हणजे "या भागातले पिक्सेल लाल कर" एवढंच सांगतो, आणि एकदा लाल झाले की ते कोणत्या ब्रशने झाले, वर्तुळ होतं की चौकोन, काही शिल्लक राहत नाही. व्हेक्टरमध्ये, म्हणजे बिंदू आणि रेघांच्या आकड्यांतून बनणाऱ्या चित्रात, रिकाम्या जागेला रंग नसतोच, रंग असतो तो वस्तूला. रंगीत कागद कापून एकमेकांवर ठेवल्यासारखं हे काम आहे, प्रत्येक कागद शेवटपर्यंत सुटाच राहतो. त्यामुळे काहीही अडलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की आत्ता मी नेमकी कोणती वस्तू धरलीय, आणि ती आहे तरी काय?

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा, पाच मिनिटांचं काम आहे. इंकस्केपमध्ये पेनने एकच आकृती काढून सेव्ह करा आणि ती एसव्हीजी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एसव्हीजी हा डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००१ साली ठरवलेला फॉरमॅट आहे आणि आतून तो नुसता मजकूर असतो. त्यात तुम्हाला पाथची, म्हणजे तुमच्या आकृतीच्या रेघेची, एक ओळ सापडेल, तिच्यात आकड्यांची रांग आणि मध्ये मध्ये एकेक अक्षर. एम आलं की पेन या जागी ठेव, सी आलं की इथपर्यंत वक्र रेघ काढ, आणि शेवटी झेड आलं की सुरुवातीच्या बिंदूला जोडून आकृती बंद कर. पुढे रंगाचा कोड आणि रेघेची जाडी, बस. आता हे शेवटचं झेड बघा. ते नसेल तर तुमची आकृती उघडी आहे, डोळ्याला कितीही बंद दिसली तरी. आणि उघड्या पाथला फिल, म्हणजे आतला रंग, दिलं की सॉफ्टवेअर दोन टोकांमध्ये एक सरळ रेघ आहे असं मानून रंग भरतं, हा एसव्हीजीचा नियमच आहे. तो तिरका कापल्यासारखा रंग तिथून येतो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, फाइल खराब झालेली नाही, पुन्हा इन्स्टॉल करायची काही गरज नाही.

आता दुरुस्तीचं बोलू. आधी काही करू नका, फक्त बघा. विंडोच्या एकदम खाली जी स्टेटस बारची पट्टी असते तिच्याकडे फोटोशॉपवाले कधी बघत नाहीत, कारण तिथे बघायची वेळच येत नाही. इथे मात्र ती पट्टी सगळं सांगते: तुम्ही पाथ धरलाय की ग्रुप की टेक्स्ट, पाथ असेल तर किती नोडचा (नोड म्हणजे पाथवरचे बिंदू), कुठल्या लेयरवर. त्यानंतर व्ह्यू मेनूत डिस्प्ले मोडमध्ये जाऊन आउटलाइन करा. सगळे रंग, जाड्या निघून जातात आणि नुसते सांगाडे दिसतात. ज्याला तुम्ही एक कड समजत होता ती पाच-सहा सुट्या तुकड्यांची आहे, हे इथे लख्ख दिसतं. जे ऑब्जेक्ट फिलही नाही आणि स्ट्रोकही (कडेची रेघ) नाही म्हणून अदृश्य झालेत तेही इथे सापडतात, "मी काढलं होतं, गेलं कुठे" याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

तुकडे का होतात? कारण पेन्सिलने चित्र काढताना आपण हात उचलतो. बिटमॅपमध्ये हात उचलून पुन्हा टेकवला तरी पिक्सेल शेजारी शेजारी पडले की रेघ एकच होते. इथे हात उचलला की एक वस्तू संपली, टेकवला की दुसरी सुरू झाली. मग जोडायचं कसं, तर ते सगळे तुकडे शिफ्ट धरून सिलेक्ट करा, कंट्रोल आणि के दाबून कंबाइन करा म्हणजे ते एका पाथचे भाग होतील, मग एन दाबून नोड टूल घ्या आणि कोपऱ्यावर भरपूर झूम करा. तिथे दोन नोड एकमेकांवर किंवा अगदी चिकटून बसलेले दिसतील. दोघांभोवती माउसने चौकोन ओढा, खाली पट्टीत दोन नोड सिलेक्ट झाल्याचं दिसलं पाहिजे, एकच दिसत असेल तर तुम्ही वरच्याच नोडवर क्लिक करताय, चौकोन ओढूनच घ्या. मग शिफ्ट आणि जे. दोनाचा एक नोड झाला. असं प्रत्येक कोपऱ्याला करत गेलात की शेवटचा कोपरा जोडल्याबरोबर रंग आपोआप नीट बसतो, वेगळं काही करावं लागत नाही.

कंबाइन केल्यावर दुसरीच एक भानगड होऊ शकते ती इथेच सांगतो. दोन भरलेल्या आकृत्या एकमेकांवर चढलेल्या असतील आणि तुम्ही कंबाइन केलं, तर जिथे त्या चढल्यात तिथे भोक पडू शकतं. एकजीव आकृती हवी असेल तर कंबाइन नको, युनियन हवं, म्हणजे कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. भोक आधीच पडलं असेल तर फिल अँड स्ट्रोकच्या पॅनेलमध्ये (कंट्रोल, शिफ्ट, एफ) फिलच्या टॅबवर उजव्या बाजूला फिल रूलची दोन छोटी बटणं आहेत, त्यातलं दुसरं दाबून बघा.

बादलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सुरुवातीला ती वापरूच नका. इंकस्केपमध्ये पेंट बकेट आहे, पण ती तुमच्या आकृतीला रंग देत नाही. ती स्क्रीनवर जे दिसतंय त्याचं पिक्सेलमध्ये चित्र घेते, त्यातला बंद भाग शोधते, आणि त्या भागाची बाह्यरेषा ट्रेस करून एक नवीनच ऑब्जेक्ट बनवते. म्हणून तर झूम कमी असताना भरलं की कडा ओबडधोबड येतात आणि जास्त असताना बऱ्या येतात. म्हणूनच नंतर कड हलवली की रंग जागेवरच राहतो, कारण तो वेगळा ऑब्जेक्ट आहे. वापरायचीच असेल, समजा स्कॅन केलेल्या रेखाचित्रात रंग भरायचेत, तर वरच्या पट्टीत ग्रो बाय थोडंसं वाढवा म्हणजे रंग रेघेच्या खाली सरकेल आणि पांढरी फट राहणार नाही, आणि रेघेत बारीक गॅप असतील तर क्लोज गॅप्स स्मॉल किंवा मीडियम ठेवा. बाकी वेळी आकृती सिलेक्ट करायची आणि खालच्या पॅलेटवर रंगाला क्लिक करायचं, इतकंच. शिफ्ट धरून क्लिक केलं तर तो रंग स्ट्रोकला लागतो. काहीच सिलेक्ट नसताना क्लिक केलं तर समोरच्या चित्रात काही बदलत नाही, तो रंग पुढच्या नवीन ऑब्जेक्टसाठी धरला जातो. "रंग निवडला पण काही होतच नाही" याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सिलेक्शनचा घोळ हा सगळ्यात जास्त छळणारा. फोटोशॉपमध्ये सिलेक्शन म्हणजे जागेचा तुकडा, त्याच्याभोवती तुटक रेघ चालत असते आणि पुढचं सगळं त्या तुकड्यातच होतं. इंकस्केपमध्येही ऑब्जेक्टभोवती तुटक रेघेचा चौकोन येतो आणि डोळा लगेच फसतो, वाटतं की हा चौकोनी भाग सिलेक्ट झालाय. तसं काही नाही, तो चौकोन म्हणजे फक्त ऑब्जेक्ट कुठून कुठपर्यंत पसरलाय त्याची हद्द. त्या हद्दीत नवीन काही काढलं तर ते त्याच्यात मिसळत नाही, स्वतंत्रच राहतं. दुसऱ्यांदा क्लिक केलं की कोपऱ्यातले बाण फिरवायचे होतात, तेव्हाही घाबरून जाऊ नका, परत क्लिक करा.

आणि इथे एक शॉर्टकट आहे जो जुन्या सवयीने सगळ्यात जास्त नुकसान करतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि डी म्हणजे डीसिलेक्ट. हात इतका बसलेला असतो की डोक्याला न विचारता ते दाबलं जातं. इंकस्केपमध्ये तेच डुप्लिकेट आहे, आणि डुप्लिकेट बरोबर मूळ ऑब्जेक्टच्या डोक्यावर बसतं, एक केसभरही बाजूला नाही, त्यामुळे काही झालंय हे कळतच नाही. तासाभराच्या कामात एकाच आकृतीच्या थप्प्या तयार होतात. मग रंग बदलला तर कडेला जुना रंग डोकावतो, अर्धपारदर्शक केलेलं पारदर्शक वाटत नाही, डिलीट केलं तरी आकृती तिथेच असते, फाइल जड होते. अशी लक्षणं दिसली तर लेयर्स अँड ऑब्जेक्ट्सचं पॅनेल उघडा, यादीत थप्पी दिसेल, जास्तीच्या काढून टाका. डीसिलेक्ट करायला एस्केप वापरायचं. गिंपवाल्यांसाठी पण तसंच, तिथलं डीसिलेक्टचं कंट्रोल, शिफ्ट, ए इथे अलाइनचं पॅनेल उघडतं, पण त्याने निदान नुकसान तरी होत नाही.

क्लिक करूनही ऑब्जेक्ट हाती लागत नसेल तर तीन-चारच कारणं असतात. फिल नसलेल्या आकृतीच्या पोटात क्लिक करून उपयोग नाही, रेघेवरच करावं लागतं. ग्रुपमधला एखादा ऑब्जेक्ट हवा असेल तर कंट्रोल धरून क्लिक. खाली झाकलेला हवा असेल तर ऑल्ट धरून क्लिक, लिनक्सवर काही ठिकाणी ऑल्ट विंडो हलवण्यासाठी राखलेलं असतं, तेव्हा टॅब दाबत एकेका ऑब्जेक्टवरून पुढे जा. नाहीतर लेयर लॉक असेल. अजून एक, ग्रुपवर डबल क्लिक झालं की तुम्ही ग्रुपच्या आत शिरता आणि त्यानंतर काढलेलं सगळं त्या ग्रुपमध्येच जमा होतं. मग एक गोष्ट हलवायला गेलं की दहा हलतात. खाली लेयरच्या नावाच्या जागी ग्रुपचं नाव दिसत असेल तर समजायचं की आपण आत आहोत, कॅनव्हासवर रिकाम्या जागी डबल क्लिक करून बाहेर या.

इरेझरचं थोडक्यात. त्याचे मोड वरच्या पट्टीत असतात, एकात स्पर्श झालेला अख्खा ऑब्जेक्ट जातो, दुसऱ्यात तेवढाच भाग कापला जातो. बघून घ्या कुठला चालू आहे. पण खरं तर व्हेक्टरमध्ये खोडायची गरज फार कमी पडते. चंद्रकोर हवी असेल तर एका वर्तुळावर दुसरं वर्तुळ ठेवा, दोन्ही सिलेक्ट करा, कंट्रोल आणि वजाचं चिन्ह, वरचं वर्तुळ खालच्यातून कापलं जातं. कड इतकी स्वच्छ येते की इरेझरने कधीच येणार नाही. आणि नुसतं झाकायचं असेल, कायमचं कापायचं नसेल, तर क्लिप वापरा, वरची आकृती खिडकी बनते आणि खालचं सगळं शाबूत राहतं.

रंगाचं आणि सिलेक्शनचं सुटलं की पुढचं रडगाणं ठरलेलं: "रेघ वेडीवाकडी येते, माउसने जमत नाही, टॅब्लेट घेऊ का?" टॅब्लेट घ्यायचा तर जरूर घ्या पण या दुखण्यावर तो इलाज नाही. हाताने ओढलेल्या रेघेवर सॉफ्टवेअर नोडच नोड पेरतं आणि प्रत्येक नोड म्हणजे एक संभाव्य कुबड. वक्र गुळगुळीत हवा तर नोड कमी हवेत आणि वळण हँडलवर (नोडमधून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या) सोडायचं. ही पद्धत मुळात मोटारींच्या पत्र्याची वळणं आकड्यात बसवायला शोधली गेली, सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी, म्हणजे थोड्या बिंदूंत लांब, सलग वळण बसवणं हेच तिचं काम आहे. पूर्ण वर्तुळाला चार नोड पुरतात, हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के ठेवली की डोळ्याला फरक कळत नाही.

हे करून बघा म्हणजे हातात येईल. बी दाबून पेन घ्या. खाली एक क्लिक, वर एक क्लिक, आणि परत खालच्या पहिल्या नोडवर क्लिक. बटण दाबून ओढायचं नाही, नुसतं क्लिक. दिसायला एक उभी रेघ दिसेल पण त्या दोन रेघा आहेत, एक वर जाणारी आणि एक परत येणारी, आणि पाथ बंद आहे. आता एन दाबा, रेघेचा मधला भाग धरून डावीकडे ओढा. एक बाजू फुगेल. उरलेली रेघ धरून उजवीकडे ओढा. पान तयार, दोन टोकं अणकुचीदार, दोन्ही बाजू गुळगुळीत, फक्त दोन नोडमध्ये. पॅलेटवर हिरव्यावर क्लिक केलं की भरलं. आता नोडवर क्लिक करून जी हँडल दिसतात त्यातलं एक हळूहळू फिरवा आणि पानाचं पोट कसं वर-खाली सरकतं ते बघत राहा. वरच्या टोकावर शिफ्ट आणि एस दाबलं तर टोक गोल होईल, शिफ्ट आणि सी दाबून हँडल पुन्हा सुटी केली की टोकदार करता येईल. हे एक पान वीस वेगवेगळ्या आकारांत वळवून बघितलं ना, तर नोडची भीती निघून जाते, कुठल्याही लांबलचक व्हिडिओपेक्षा लवकर.

आधीच काढलेल्या चित्रात नोड भरमसाट असतील तर कंट्रोल आणि एल, म्हणजे सिंप्लिफाय. पण पटापट लागोपाठ दाबू नका, लागोपाठ दाबलं की प्रत्येक वेळी ते जास्त जोरात काम करतं आणि आकार बिघडतो. एकदा दाबा, बघा, थांबा. फोटो ट्रेस करून "व्हेक्टर" केलेल्या फाइलला मात्र सिंप्लिफायने फार काही साध्य होत नाही. ट्रेस बिटमॅप, म्हणजे पिक्सेलच्या चित्रातून आपोआप पाथ काढून देणारी सोय, काळ्या-पांढऱ्या, ठळक कडांच्या चित्रांसाठी फार उत्तम आहे, फोटोवर चालवलं की हजारो नोडचे ठिपके मिळतात जे एडिट करणं कोणालाच शक्य नाही. आणि नुसता पीएनजी आणून एसव्हीजीमध्ये सेव्ह केला तर तो आत पीएनजीच राहतो, मोठा केला की फाटणारच.

दोन रंगांच्या मध्ये केसाएवढी फट दिसते, झूम केलं तर नाहीशी होते, कमी केलं की परत येते, असं असेल तर ती फाइलमध्ये नाही, कडा मऊ दाखवताना होणारा तो परिणाम आहे. पण एक्स्पोर्टमध्येही उतरू शकतो म्हणून उपाय करायचा: आकृत्या कडेला कड लावून बसवू नका, खालची थोडी वरच्याच्या पोटात सरकवा. सोपं आहे आणि दर वेळी चालतं.

छोटे आयकॉन पीएनजीमध्ये धुरकट येतात तेही असंच. युनिट पिक्सेल करा, एक्स, वाय, रुंदी, उंची आणि स्ट्रोकची जाडी सगळी पूर्ण आकड्यात आणा, १०.३७ असलं काही ठेवू नका. पूर्ण पानच धुरकट येत असेल तर एक्स्पोर्टचा डीपीआय (एका इंचात किती ठिपके) बघा, इंकस्केपमध्ये तो सुरुवातीला ९६ असतो, छपाईला ३०० लागतो. आकार लहान-मोठा केल्यावर रेघा अचानक जाड किंवा बारीक वाटत असतील तर सिलेक्ट टूलच्या पट्टीत उजवीकडे स्ट्रोक सोबत स्केल करायचा की नाही याचं बटण आहे, ते तपासा.

शेवटचं, मराठी अक्षरांचं, कारण यात आपल्यालाच जास्त त्रास होतो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा थोडी पुढच्या अक्षरावर चढलेली असते, नुसत्या फिलमध्ये ते दिसत नाही, पण पाथ करून स्ट्रोक दिला की प्रत्येक जोडावर आडव्या शिरोरेषेत उभ्या चिरा दिसायला लागतात. आधी टेक्स्टची एक कॉपी वेगळ्या लेयरवर ठेवून तो लेयर लपवा, कारण पाथ झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. मग कंट्रोल, शिफ्ट, सी करून ऑब्जेक्ट टू पाथ, कंट्रोल, शिफ्ट, जी करून ग्रुप सोडवा, सगळी अक्षरं सिलेक्ट असतानाच युनियन, आणि त्यानंतरच स्ट्रोक द्या. शिरोरेषा सलग येते. छपाईला किंवा दुसऱ्या कोणाला पाठवायची फाइलही अशीच पाथ करून पाठवा, समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडतो आणि सगळी मांडणी विस्कटते.